उत्तम, कोणतं विमान घेऊ?

उत्तम,

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. मांडव भरला होता. भंतेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलू लागला आणि कुणीतरी माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि काय बोललो माहितीय? "उत्तम हा अत्यंत कुशल कारागीर आणि प्रेमळ मित्र होता." पंचेचाळीस वर्षांची दोस्ती आणि हे वाक्य. कुठल्याही शोकसभेत कुणाच्याही नावापुढे चिकटवता येईल असं. तू समोर असतास तर म्हणाला असतास, "बापू, खाली बस." मी बसलो.

बसल्यावर माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे दुसऱ्या दिवशी येणारे दोन फोन. एक अल्ट्रालाइट हे हलकं विमान विकणाऱ्याचा, दुसरा त्या जुन्या सर्टिफाइड विमानाच्या मालकाचा. दोघांपैकी एकाला हो म्हणायचं होतं आणि आपलं भांडण तर मिटलंच नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटच्या भेटीत मी तुला जे बोललो ते. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत हे मला त्या मांडवात बसल्या बसल्या कळलं. माझं सगळं असंच, वरातीमागून घोडं.

महामार्गात जमीन गेली तेव्हा लोकांनी बंगले बांधले, गाड्या घेतल्या. मी एकोणपन्नासाव्या वर्षी विमान शिकायला गेलो. गावानं लगेच 'पायलट' नाव ठेवलं. पारावरून जाताना कुणीतरी दोन्ही हात पसरून तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचंच. आमच्या घरून, म्हणजे बायकोकडून, विचारणा झाली, "आता मोसंबीला पानी वरून देनार का?" सगळं जग हसत होतं. तू एकटा हसला नाहीस. वायुदलात वीस वर्षं मालवाहू विमानांची इंजिनं उघडून झाकून आलेला माणूस तू. जुन्या जालन्यात, मस्तगडच्या बाजूला, पंपाच्या मोटारी आणि दुचाक्या दुरुस्त करत बसलेला. मी दुकानात येऊन पेढा पुढे केला, तर पेढा हातात धरूनच तू विचारलंस, "कोनत्या इंजिनवर शिकून राह्यला?" इतका आनंद मला परवाना हातात पडला तेव्हाही झाला नाही.

मग रविवार लागले. तुझ्या दुकानातल्या त्या तीन पायांच्या स्टुलावर मी, समोर तू, मध्ये चहा आणि मी छापून आणलेले कागद. आपलं भांडण दिसायला साधं होतं. मला अल्ट्रालाइट हवं होतं. दोघांपुरतं, हलकं, नवंकोरं. थोड्या जागेत उठतं, थोड्या जागेत उतरतं, पेट्रोल बेताचं पितं. कागद त्यालाही लागतात, पण रोजची निगा बरीचशी आपल्या हातात राहते. तुझं म्हणणं, सर्टिफाइडच घे. म्हणजे ज्याच्या आराखड्यापासून इंजिनापर्यंत सगळं कसोटीला लावून पास झालंय, ज्याचा सुटा भागसुद्धा शिक्क्याचाच चालतो आणि ज्याला पाना लावायला परवान्याचा इंजिनीअरच लागतो, असं. भले ते माझ्या मोठ्या मुलीपेक्षा वयानं मोठं असेना.

मी म्हणायचो, अल्ट्रालाइटचं इंजिन बंद पडलं तरी ते सावकाश खाली येतं, कुठल्याही वावरात बसतं. तू म्हणायचास, "बसतं, कबूल. पन एप्रिलच्या दुपारी वावटळ उठली का मंग ते दोरीवरच्या धोतरासारखं व्हतं. सकाळी आठच्या आत उडायचं आन घरी यायचं, येवढंच करायचं आसंल तर बिलकुल घे." मी म्हणायचो, मला नागपूरला मुलीकडे जायचंय. तू म्हणायचास, "मंग तर ते न्हाईच. आधी ठरव बापू, तुला कुठं जायचंय का नुसतं वर जायचंय?" खरं तर सगळा निवाडा या एका प्रश्नात होता. वर जायचं असेल तर हलकं, कुठे पोचायचं असेल तर सर्टिफाइड. पण मला दोन्ही हवं होतं आणि ते स्वस्तात हवं होतं.

एकदा मी विचारलं, "म्हंजी अल्ट्रालाइट वाईट?"

"यंत्र चांगलंय," तू म्हणालास. "तू त्याच्यासाठी चांगला न्हाईस. ट्रॅक्टरचं ऑइल कधी बदललं व्हतं?"

मला आठवेना.

"हे बघ. सर्टिफाइडच्या मालकाला कुनी आळस करू देत न्हाई. तारीख आली का विमान खाली बसलं, इंजिनीअरनं सही केल्याबिगर उठायचं न्हाई. त्या दुसऱ्याच्यात बरंच मालकाच्या इमानावर आसतं. आन तुहं इमान मला ठावं हाये."

यावर माझं ठरलेलं उत्तर होतं, "तू हायेस की." दर वेळी हेच. तारा कोण तपासणार? तू आहेस की. दर पंचवीस तासांनी प्लग कोण बघणार? तू आहेस की. तू गप्प बसायचास आणि मला वाटायचं, पटलं याला.

धावपट्टीचं आठवतं? आठवत असणारच, वर्षभर हसलास मला. तुला न सांगता मी घरामागचं चार एकराचं काळं रान साफ केलं. आमची सगळ्यात भारी जमीन. पिढ्यान् पिढ्या तिच्यात काही टाकलं आणि उगवलं नाही असं झालं नाही. रोलर फिरवून तबल्यासारखी केली आणि चैत्रात तुला बघायला आणलं. तोवर जमिनीला भेगा पडल्या होत्या. तू बांधावरची एक तुराटी उचललीस, एका भेगेत सोडलीस. ती हातभर आत गेली आणि थांबलीच नाही.

"याच्यात पुढचं चाक गेलं का उलटा व्हशील," तू म्हणालास. "आन पावसाळ्यात तर विमान रोपासारखं रोवून बसंल. आरं, चांगलं पिकतं म्हनून इथं उतरायचं का? विमानाला वाईट जमीन लागती बापू. तुमची बरड कुठंय?"

सगळ्या जगात फक्त कुणबीच ही चूक करू शकतो, विमानाला मान म्हणून आपली सगळ्यात कसदार जमीन देणं. आपण बरडीवर गेलो. नुसता मुरूम, कुसळसुद्धा धड उगवत नाही. तू पायानं दाबत दाबत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलास, परत आलास आणि म्हणालास, "ही चालती. परवानगीचं निराळं, पन जमीन म्हनून ही चालती. दगड न्हाई राह्यला हिच्यात. माह्या बापानं वेचलेत सगळे."

मी 'हो का' म्हणालो.  तुझे वडील माझ्या वडलांकडे, आबांकडे, रोजानं होते, हे दोघांनाही माहीत होतं, त्यावर आपण कधी बोललो नव्हतो. तुझे वडील वयानं मोठे असून आबा त्यांना एकेरी हाक मारायचे. मला लहानपणी त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेवढ्यानं सगळं फिटलं असं मी धरून चाललो होतो.

तुझ्या दुकानातली भिंत मला अजून डोळ्यांपुढे दिसते. प्रत्येक पान्याची, पक्कडीची आकृती पिवळ्या रंगानं भिंतीवर काढलेली. काम संपलं की हत्यार आपापल्या आकृतीत जायचं. एकही आकृती रिकामी असली तर गिऱ्हाइकाची गाडी दुकानाबाहेर जायची नाही. विमानात पाना विसरला तर काय होतं हे तू बघितलेलं होतं, त्यामुळे स्कूटरलाही तोच नियम. एकदा दहा नंबरचा पाना सापडेना. धान्याचा एक व्यापारी अर्धा तास ताटकळला, घड्याळ बघून बघून लाल झाला. तू त्याच्या गाडीचं झाकण दोनदा खोललंस. पाना निघाला माझ्या खिशात. बोलता बोलता मीच उचलून ठेवला होता. तू रागावला नाहीस. पाना जागेवर लावलास, व्यापाऱ्याला मागे बसवलंस आणि त्याच्या स्कूटरवर स्वतः एक चक्कर मारून आलास. तीही तुझी रीत. ज्यानं नट आवळला त्यानं आधी बसायचं. वायुदलात दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाला तू विमानात असायचास, आणि तेच तू मोपेडलाही लावलंस. मोटार पंप दुरुस्त केला तर विहिरीवर जाऊन पाणी पडेपर्यंत थांबायचास. लोक म्हणायचे, उत्तमरावांना वेळ फार लागतो. पण दुसऱ्यांदा तीच गाडी घेऊन आलेला माणूस मी तुझ्या दुकानात बघितला नाही.

आता तो रविवार. इतका वेळ मी याच्या आजूबाजूनं चाललोय.

त्या दिवशी मी ठरवूनच आलो होतो. अल्ट्रालाइटवाल्याला होकार कळवायचा, तुझ्याकडून फक्त 'घे' ऐकायचं. तू एका मोटारीचं वाइंडिंग उसवत होतास. मी सगळं सांगितलं. बरडीवर शेड, शेडमध्ये विमान, रविवारी तू गावी यायचं, आपण दोघं मिळून बघायचं, मग उडायचं. तू मान वर न करता म्हणालास, "सर्टिफाइड घे. पंधरा वर्सं ज्यानं त्या विमानावर सही केली तो इंजिनीअर आजून हाये तिथं. त्याला पैसे दे, त्याच्याकडून काम करून घे. मला यात धरू नको."

"का रे? तुला काय जड हाये?"

"धरू नको म्हनलं ना."

आणि मला राग आला. कशाचा आला ते तेव्हा कळलं नाही. मी म्हणालो, "तू काय सांगतो रे मला? जिंदगीभर दुसऱ्याची विमानं पुसली तू. उडवलं का एक तरी?"

दुकानात शेजारचा पानवालाही होता. त्यानंही ऐकलं. तू हातातली पक्कड पुसलीस, तिच्या आकृतीत लावलीस आणि म्हणालास, "बरं." बस, एवढंच. मी चहा अर्धा ठेवून निघून आलो.

मग नऊ दिवस मी फोन केला नाही. रोज करणार होतो. रोज वाटायचं, त्यानं करावा. मी चुकलो हे पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं, पण कळणं आणि नंबर लावणं यात माझ्या बाबतीत नेहमीच मोठं अंतर असतं. दहाव्या दिवशी सकाळी मी बियाण्याच्या प्लॉटवर होतो. फोन तुझ्या नावानं वाजला. मला वाटलं, आला एकदाचा, आणि मी मुद्दाम चार घंट्या वाजू दिल्या. माज बघ. उचलला तर तिकडून वहिनी बोलत होत्या. तू झोपेतच गेला होतास.

काल मांडवात बसून मी हिशोब जुळवत होतो. मला अल्ट्रालाइट का हवं होतं? हलकं म्हणून नाही, नवं म्हणून नाही. ते माझ्या रानात राहिलं असतं आणि त्याची निगा तू ठेवली असतीस म्हणून. दर रविवारी, फुकट, दोस्तीखात्यात. माझ्या त्या सगळ्या योजनेत विमानाखालोखाल महत्त्वाचा भाग म्हणजे तुझे हात होते, आणि ते मी तुला न विचारता धरून ठेवले होते. आबांनी तुझ्या वडलांना धरलं तसे. आबा निदान रोजाचे पैसे तरी द्यायचे. तू सर्टिफाइड घे म्हणत होतास ते तुला विमानाचं कळतं म्हणून तर होतंच, पण मला न दुखवता नाही म्हणायची ती तुझी पद्धतही होती. दोन वर्षं तू ते नाही मला नीट, गोडीनं सांगत राहिलास. शेवटी सरळ शब्दांत सांगितलंस, तर मी तुला तुझी पायरी दाखवली. हो, तेच केलं मी. रागाच्या भरात गेलं तोंडातून, असं म्हणून सुटता येत नाही. रागात जे तोंडातून जातं ते आधी आत असावं लागतं.

लोक पांगल्यावर मी वहिनींजवळ जाऊन बसलो. पांढऱ्या साडीत त्या अगदी लहान दिसत होत्या. म्हणालो, "वहिनी, मी शेवटच्या दिवशी त्याला वाईट बोललो होतो."

"ठावं हाये मला भाऊजी. त्याच सांजच्याला सांगितलं त्यांनी."

"लई लागलं होतं का त्याला?"

त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "हात धून राह्यले व्हते मोरीत. साबन लावला, धुतले, परत लावला. म्हनले, बापू बराबर बोलला आज. पुसलीच म्या जिंदगीभर. पन म्या पुसलेलं एकबी पडलं न्हाई."

मी हळूच विचारलं,

"मंग?"

"मंग काय, जेवले. चार दिसांनी म्हनले, त्याचा फोन आल्ता का गं घरच्या नंबरावर? म्हनलं, तुमीच करा की. तर म्हनले, करंल तो, त्याला येळ लागतो."

उत्तम, तू मला किती नीट ओळखायचास रे. फक्त या वेळी वेळ तुझ्याकडे नव्हता.

मी घरी येऊन गाडी अंगणात लावली आणि तशीच आत बसून रडलो. घरच्यांनी बाहेर येऊन बघितलं आणि काही न विचारता परत आत गेल्या. त्याबद्दल त्यांचेही आभार मानायला हवेत, तेवढे तरी वेळेवर.

आज सकाळी दोन्ही फोन आले. अल्ट्रालाइटवाल्याला नाही म्हणालो. चांगला माणूस आहे, त्याचं विमानही चांगलं आहे, तसं त्याला सांगितलंही. एखाद्या जागरूक मालकाला ते शोभून दिसेल. मग सर्टिफाइडवाल्याला हो म्हणालो आणि त्या इंजिनीअरचा नंबर मागून घेतला. लगेच लावला. म्हाताऱ्याचा आवाज शांत होता, घाईत नव्हता. मी त्यांना म्हणालो, "साहेब, तुमची फी सांगा, तारखा सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर त्या दिवशी उडणार नाही." ते म्हणाले, असं आधीच सांगणारा मालक कमी भेटतो. मी म्हणालो, मला हे शिकवायला एका माणसाची दोन वर्षं गेली.

विमान त्यांच्याकडेच, तिथल्या धावपट्टीवर राहील. मला चार तास गाडी चालवत जावं लागेल तेव्हा कुठे उडायला मिळेल. बरड तूर्त आहे तशीच ठेवणार आहे, पण ती आता आमची बरड म्हणवत नाही मला. तिचं काय करायचं ते वहिनींना विचारून करीन. विचारून, हा शब्द मी नवीनच शिकतोय.

मग वहिनींना फोन केला. त्यांनी पहिलंच विचारलं, "मंग, कोनतं घेऊन राह्यले?"

"सर्टिफाइड."

"म्हंजी ते जिकले म्हना की," त्या म्हणाल्या आणि हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदाच असावं. हसता हसता रडू फुटलं आणि त्यांनी फोन ठेवला.

जिंकलास. आयुष्यभर मी तुझ्यापुढे हरत आलो आणि दर वेळी विषय बदलून मोकळा झालो, हे तुलाही माहीत होतं. या वेळी मला नीट हरायचं होतं. तुझ्या दुकानात येऊन, पानवाल्यासमोर, मोठ्यानं सांगायचं होतं की मी चुकलो. त्या रविवारी जे बोललो ते चुकलोच, पण त्याआधी दोन वर्षं जे गोड बोलून तुझ्याकडून घेत होतो, तेही. आता सांगतोय, मोसंबीच्या बागेत, एकटाच. पाखरं उडाली तेवढी.

माफी मागायला मला वेळ लागला. तेवढ्या वेळापुरता तरी थांबायचं होतंस.

तुझा,
बापू